एका जुन्या रिव्हॉल्व्हरचा प्रश्न

गेल्या खंडेनवमीच्या आधी आमचा एक जुना विद्यार्थी आमच्याकडे आला. आता तो स्वतःही शिक्षक आहे. त्याच्या घरी आजोबांच्या वेळचे एक रिव्हॉल्व्हर आहे. परवाना वडिलांच्या नावावर. वडिलांनी सत्तरी ओलांडल्यामुळे, २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना देण्याची जी तरतूद आहे तिच्या आधारे, तो मुलाच्या नावावर करून घेण्याची कागदपत्रे चालू आहेत. खंडेनवमीला हे शस्त्र पाटावर मांडले जाते. यंदा त्याच्या चुलत्यांनी आग्रह धरला, की परवाना फिरण्यापूर्वी त्यातून एक बार काढावा. आजोबा गेल्यापासून ते वाजलेले नाही, आणि जे वाजत नाही ते शस्त्र कसले? वडिलांचे म्हणणे उलट : वस्तू आता जपायची, वाजवायची नाही. ‘सर, तुम्हीच काय ते सांगा,’ असे म्हणून विद्यार्थ्याने हा तंटा आमच्या पदरात टाकला. आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. शस्त्रांचे आमचे ज्ञान पोवाड्यांपुरते. तरीही गेलो.

रिव्हॉल्व्हर बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे, .३२ बोअरचे. खटका दाबला की नळी पुढे कलते आणि काडतुसांचे चक्र उघडे पडते. आपल्याकडे आज कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणारे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर याच वेब्ली घडणीवर बेतलेले आहे. म्हणजे हा वाद हवेतला नव्हता. ठासणीची बंदूक असती तर प्रश्नच मिटला असता. येथे परवाना आहे, काडतूस मिळू शकते, बार निघू शकतो. म्हणूनच तो काढावा की नाही, हे ठरवणे भाग होते.

चुलत्यांच्या आग्रहामागे एक कथा होती. १९४८ च्या सप्टेंबरात, पोलीस कारवाईच्या दिवसांत, आजोबांनी हे रिव्हॉल्व्हर एका रझाकाराकडून हिसकावून घेतले, अशी घरातील समजूत. बीड जिल्ह्यात अशा कथा पुष्कळ ऐकायला मिळतात आणि त्यांतल्या कित्येक खऱ्याही असतील. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्या चार-पाच दिवसांत आणि पुढच्या काही आठवड्यांत मराठवाड्यात किती शस्त्रांनी हात बदलले असतील याची मोजदाद कोणी केली असेल असे वाटत नाही. चुलत्यांच्या दृष्टीने एक बार म्हणजे मुक्तिसंग्रामाला दिलेली सलामीच होती.

मात्र शस्त्राबरोबर पत्र्याची एक डबी होती, आणि तिच्यात चार घड्यांचा एक उर्दू कागद. दोन पिढ्यांत घरातले उर्दू सरले. त्यामुळे हा कागद कशाचा हे कोणालाच ठाऊक नव्हते. (आमच्या जिल्ह्यातील किती घरांत असे मुके झालेले कागद पडून असतील, हा विचार कधीकधी झोप उडवतो.) आमच्या ओळखीच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी तो वाचला. तो निजामी अंमलातील शस्त्र परवाना निघाला : नाव आजोबांचे, साल फसली, तेही पोलीस कारवाईच्या कितीतरी आधीचे. कागदावर शस्त्राचा क्रमांक होता. आम्ही खिडकीशी जाऊन, भिंगातून, मुठीच्या वरच्या पोलादावरील अंक वाचले. ते जुळले.

म्हणजे रिव्हॉल्व्हर कोणाकडून हिसकावलेले नव्हते. निजामाच्या सरकारने ज्यांना शस्त्र बाळगण्याजोगे मानले त्यांत आजोबा होते. यावरून ते निजामनिष्ठ होते असे सिद्ध होत नाही. परवानाधारक असूनही चळवळीला आतून मदत करणारी माणसे असू शकतात. कागद त्याबद्दल काहीच बोलत नाही. पण कथा आणि कागद एकमेकांसमोर उभे राहिले खरे, आणि काही वेळ खोलीत कोणी बोलेना.

त्या क्षणी आम्हांस आठवण झाली ती दुसऱ्या एका शस्त्राची. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरात साँडर्सवर गोळ्या झाडल्या गेल्या. पहिली गोळी खेडच्या राजगुरूंची. त्यानंतर भगतसिंगांनी ज्यातून गोळ्या झाडल्या ते .३२ बोअरचे अमेरिकी बनावटीचे कोल्ट पिस्तूल होते. (आपल्या चरित्रकारांना पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर हे एकच वाटतात. चक्र फिरते ते रिव्हॉल्व्हर. कोल्टला चक्र नाही.) हे पिस्तूल फाळणीनंतर पंजाबातील फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात होते, तेथून १९६९ साली ते इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशिक्षण शाळेत आले आणि इतर जुन्या शस्त्रांच्या रांगेत बसले. गंज चढू नये म्हणून त्यांवर काळा रंग फासलेला होता. जपण्याच्या सद्हेतूनेच त्याची ओळख झाकली गेली. २०१६ च्या सुमारास शोध सुरू झाला, रंग खरवडला गेला, खाली १६८८९६ हा क्रमांक निघाला आणि तो जुन्या नोंदींतील क्रमांकाशी जुळला. त्यातून पुन्हा गोळी झाडून काहीच कळले नसते. प्रत्येक कोल्ट तसाच वाजतो. भगतसिंगांचे पिस्तूल कोणते, हे सांगितले ते अंकांनी आणि दप्तराने.

दुसरे उदाहरण उधमसिंगांचे. १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये त्यांनी ज्या रिव्हॉल्व्हरने मायकेल ओडवायरला मारले त्याची नळी काडतुसांच्या मानाने मोठी होती. गोळ्या सैल बसत होत्या, त्यामुळे त्यांचा जोर कमी पडला. ओडवायर मेला, पण व्यासपीठावरील इतर जखमी बचावले. ते रिव्हॉल्व्हर आज लंडन पोलिसांच्या गुन्हेविषयक संग्रहात आहे. त्या विजोड काडतुसांची नोंद राहिली म्हणून त्या दिवशी इतर का वाचले ते आपण सांगू शकतो; नुसते शस्त्र हे सांगू शकले नसते.

चुलत्यांचे म्हणणे मात्र आम्ही हसण्यावारी नेले नाही. वस्तूचे काम हाच वस्तूचा प्राण, या विचारात तथ्य आहे. कायद्याने दाखवलेली एक वाट अशीही आहे, की दुरुस्तीनेही बार काढता येणार नाही इतके शस्त्र निकामी असेल, आणि ते जुन्या घडणीचे वा पुराणवस्तूच्या मोलाचे असेल, तर १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमाने त्यास सूट मिळते. मग नळी कापा, चाप जाळून जोडून टाका, आणि निर्धास्त व्हा! आम्हांस हा उपाय पोथीची पाने डिंकाने चिकटवून तिला वाळवीपासून वाचवण्यासारखा वाटतो. फेब्रुवारी २०२० मधील नियमदुरुस्ती अधिक समंजस आहे : ‘क्युरिओ’ या वर्गातील लहान शस्त्र भारतीय नागरिकाने बाळगण्यास परवाना लागत नाही; पण ते वापरायचे, नेायचे-आणायचे तर लागतो, आणि परवान्यावर नोंद असल्याशिवाय काडतूस विकले जात नाही. ठेवणे आणि वाजवणे यांत कायद्यानेच रेघ ओढली आहे. अर्थात जुने दिसते म्हणून कोणतेही रिव्हॉल्व्हर क्युरिओ ठरत नाही. या घराने परवान्याचीच वाट धरावी, असे आम्ही सांगितले.

अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी पाहिलेल्यांना आमचा मुद्दा लवकर कळेल. पासोडी म्हणजे मुळात पांघरायचे वस्त्र. दासोपंतांनी तिच्यावर पंचीकरण लिहिले, त्या दिवसापासून ती पांघरण्याची राहिली नाही. तिची ऊब गेली असे कोणी म्हणत नाही. त्याच अंबाजोगाईला, तिचे नाव मोमिनाबाद होते तेव्हा, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. शस्त्रांचा सहवास या गावाला नवा नाही. तरी गावाची ओळख सांगताना आपण मुकुंदराज आणि दासोपंतांचीच नावे घेतो.

आणखी एक गोष्ट आम्ही चुलत्यांपाशी स्पष्ट बोललो. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर बीड जिल्ह्यातील शस्त्र परवान्यांची राज्यभर चर्चा झाली, हवेत बार काढणाऱ्यांच्या चित्रफिती घरोघर पाहिल्या गेल्या. समारंभात बेपर्वाईने गोळीबार करणे हा २०१९ च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. अंगणातला तुमचा बार तुमच्या मनात सलामी असेल. शेजारच्या गल्लीत तो त्याच चित्रफितींतला ऐकू येईल. शिवाय १९४८ ची सलामी तरी निखळ कोठे आहे? पोलीस कारवाईनंतर पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ज्या जिल्ह्यांत मुसलमानांची सर्वाधिक हानी झाल्याचे नोंदवले, त्यांत आपल्याला लागून असलेला तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा होता. रझाकारांचा जुलूम खरा, आणि नंतरचा सूडही खरा. त्या दिवसांतील हिसकावलेल्या शस्त्राची कथा सांगताना ते कोणाच्या हातून आले हे विचारावेच लागते. या घराच्या सुदैवाने त्यांच्या शस्त्राला तो प्रश्न लागू नाही. पण ते सुदैव त्यांना वाटेना.

आमचा निर्णय आम्ही दिला : बार काढू नये, नळी कापू नये, कागद वेगळा ठेवू नये. चामड्याच्या म्यानात ते ठेवू नका, चामडे ओल धरते आणि पोलाद गंजते. काचकागद लावू नका, अंक जातील. पूजेचे हळदकुंकू पाटावर वाहा, पोलादावर नको. कागदाची छायाप्रत काढा, भाषांतर करून घ्या, आणि घरातील कथाही चुलत्यांच्या तोंडून लिहून ठेवा. ती खोटी निघाली म्हणून फेकण्याची नव्हे. सत्तर वर्षे एका घराला आपल्या आजोबांबद्दल काय वाटावेसे वाटत होते, हे तिच्याशिवाय कळणार नाही.

यंदा बार निघाला नाही. वडिलांनी शस्त्राशेजारी पाटावर ती डबी मांडली. चुलत्यांनी मात्र अजून होकार दिलेला नाही. निघताना त्यांनी आम्हांस दारात थांबवून एवढेच विचारले, की त्या उर्दू कागदात आजोबांच्या नावापुढे ‘साहेब’ लावले आहे का. लावलेले आहे.