तट आणि किल्ली



नगर शहराच्या पूर्वेला, भिंगारच्या बाजूस, भुईकोट किल्ला आहे. त्याला डोंगराचा आधार नाही की कड्याचा नाही. सारी भिस्त खंदकावर आणि हुसेन निजामशहाने बांधविलेल्या दगडी तटावर. हा किल्ला राहिला कसा आणि गेला कसा, ते आज सांगणार आहे. कारण तसाच एक लहानसा किल्ला आता आपल्या खिशात असतो. त्याला आपण मोबाइल म्हणतो.

1595 च्या अखेरीस अकबराचा शहजादा मुराद याने किल्ल्याला वेढा घातला. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. आतल्या लोकांनी काही हुडकून निकामी केले. पण एक उडालाच आणि तटाला भगदाड पडले. चांदबिबी तलवार घेऊन तिथे उभी राहिली. मोगलांचा हल्ला परतला आणि रातोरात तट पुन्हा उभा राहिला. 1596 मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला, पण किल्ला वाचला.

मोगल 1600 साली पुन्हा आले. या वेळी आतूनच आवई उठली, की बिबी शत्रूला फितूर झाली! खरेखोटे पाहायला कोण थांबतो? चवताळलेल्या जमावाने तिलाच ठार केले, असे फेरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. पुढे थोड्याच दिवसांत किल्ला मोगलांच्या हाती गेला.

1759 मध्ये तो पेशव्यांकडे आला, तो तोफांनी नव्हे. किल्लेदार कवीजंग याला पैसे मिळाले आणि दरवाजा आतून उघडला.

म्हणजे एकदा भीतीने घात केला, एकदा लोभाने. आज फोनवरून लुबाडणारे याच दोन वाटांनी येतात, बरं का! “तुमचे खाते बंद होणार”, “तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे”, ही झाली भीती. अशी अटक कायद्यात मुळी नाहीच. “तुम्हाला बक्षीस लागले, पिन टाका”, हा झाला लोभ. फोनवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. ओटीपी तर किल्ल्याची किल्लीच. बँकेच्या नावाने कुणी मागितला, तरी द्यायचा नाही.

मग तटाला किंमत नाही काय? आहे तर! 1803 च्या ऑगस्टात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या तोफांपुढे हाच किल्ला काही दिवसांत पडला. जुना तट नव्या तोफेपुढे टिकत नाही. म्हणून फोनची अपडेट आली की ती घ्यावी. ती तटाची डागडुजीच समजा.

आणि एवढे करूनही भगदाड पडलेच, तर लाजेने गप्प बसू नये. चांदबिबीने सकाळची वाट पाहिली नव्हती. 1930 या क्रमांकावर लगेच कळवावे आणि बँकेलाही सांगावे. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत पांगतात.

गुरुजनांना एक विनंती. चांदबिबीचा धडा शिकवताना मुलांना एवढे जरूर विचारा: किल्ला कुठून पडला, बाहेरून की आतून? उत्तर मुले घरी नेतील, आणि घरी आजोबांच्या हातात फोन असेल.