हॅकिंटॉश आणि मदरबोर्डाची पत्रिका

हॅकिंटॉश म्हणजे काय ते आधी घरच्या मंडळींसाठी सांगून टाकतो. ब्लॉगवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. मॅक ओएस ही सिस्टीम फक्त ॲपलच्याच यंत्रावर चालवावी अशी कंपनीची अट. ती धाब्यावर बसवून, बाजारातले सुटे भाग जोडून केलेल्या कॉम्प्युटरवर तीच सिस्टीम चालवली की झाला हॅकिंटॉश. हॅक अधिक मॅकिंटॉश. नाव ऐकून चोरीचा धंदा वाटतो, आणि तो थोडासा आहेही. पण त्यात एक इतिहास आहे, आणि मला तो वाशीमसारख्या ठिकाणाहून बघायला जास्त आवडतो.

याची जन्मतारीख ६ जून २००५ धरायला हरकत नाही. त्या दिवशी स्टीव्ह जॉब्सने जाहीर केलं की मॅक आता पॉवरपीसी सोडून इंटेलच्या प्रोसेसरवर जाणार. वर हेही सांगितलं की गेली पाच वर्षं आम्ही गुपचूप ही सिस्टीम इंटेलवर चालवून बघतोय. मग प्रोग्रॅमर मंडळींना ९९९ डॉलर घेऊन सरावासाठी एक यंत्र भाड्याने दिलं. बाहेरून पॉवर मॅक जी५ चा देखणा ॲल्युमिनियमचा डबा, आत मात्र पेन्टियम ४ आणि साधा बायोसवाला इंटेलचा बोर्ड. म्हणजे पहिला हॅकिंटॉश खुद्द ॲपलनेच बांधला, असं मी गमतीने म्हणतो. त्यावरची सिस्टीम त्याच वर्षी फुटली आणि लोकांनी ती घरच्या पीसीवर चालवूनही दाखवली.

जानेवारी २००६ मध्ये खरे इंटेल मॅक आले. त्यात बायोसऐवजी ईएफआय होतं, आणि एसएमसी नावाच्या चिपमध्ये एक किल्ली ठेवलेली. ती सापडली नाही तर सिस्टीम पुढे सरकत नाही. ही तपासणी करणाऱ्या फाइलचं नावच 'डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स'! लोकांनी नकली एसएमसी तयार केली. ईएफआयचं सोंग आणायला बूट-१३२ आणि त्यावरून पुढे कॅमेलिऑन हे बूटलोडर आले. मजा म्हणजे बूट-१३२ हा मुळात ॲपलनेच ओपन सोर्स करून ठेवलेला बूटलोडर.

आता यात मदरबोर्डाचं एवढं काय? प्रोसेसर इंटेलचाच, रॅम आणि हार्डडिस्क दोन्हीकडे सारखी. फरक पडतो तो बोर्डावर. चिपसेट, आवाजाची चिप, नेटवर्कची चिप, डिस्कचा कंट्रोलर, आणि या सगळ्यांची ओळख सिस्टीमला करून देणारा डीएसडीटी नावाचा तक्ता, हे सारं बोर्डासोबत येतं. विंडोजवाल्याला बोर्डाच्या खोक्यात ड्रायव्हरची सीडी मिळते, त्यामुळे काहीही चालतं. ॲपल मोजकीच यंत्रं करते, म्हणून मॅक ओएसमध्ये ड्रायव्हरही मोजकेच. तेव्हा बोर्ड घेताना बघायचं एवढंच, की याची पत्रिका कुठल्या तरी खऱ्या मॅकशी किती गुण जुळते. कोणी यादी बघून छत्तीस गुण जुळवायचे, कोणी अठरावर भागवायचे.

इथे आमच्या जिल्ह्याचा प्रश्न येतो. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, पण कॉम्प्युटरच्या बाबतीत तो कधी वेगळा झालाच नाही. सुटे भाग यायचे अकोल्याहून, नाहीतर नागपूरहून. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला कोणी निघालं की त्याच्या हाती चिठ्ठी. अकोला-पूर्णा लाइनसुद्धा २००८ पर्यंत मीटरगेजची. इंटरनेटवरच्या यादीत सुंदर सुंदर बोर्डांची नावं असायची, आणि दुकानदार काउंटरवर एकच खोकं ठेवून म्हणायचा, "हाच हाये भाऊ, घ्याचा असन तं घ्या." म्हणजे आपण बोर्ड निवडायचाच नाही, वाट्याला येईल त्याच्याशी संसार करायचा.

यात एक योगायोग फार गोड होता. २००६-०७ च्या सुमारास असेंबल्ड पीसीत सर्रास इंटेलच्या ९४५जी चिपसेटचा बोर्ड यायचा, स्वस्त म्हणून. त्यातलं ग्राफिक्स जीएमए ९५०. आणि २००६ च्या मॅक मिनी आणि मॅकबुकमध्येही तेच जीएमए ९५०! म्हणजे तालुक्याच्या सायबर कॅफेतला कळकट डबा नकळत मॅकचा चुलतभाऊ निघाला. मग जी३१ आणि जी४१ आले, जास्त नवे आणि तितकेच स्वस्त, पण त्यांच्या ग्राफिक्सला मॅक ओएसमध्ये धड ड्रायव्हरच नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड घाला, मग बघा. नवा बोर्ड म्हणजे जास्त चांगला बोर्ड, हा आपला नेहमीचा हिशेब इथे उलटा पडायचा.

२००९ च्या आसपास या जगातला राजा म्हणजे गिगाबाइटचा ईपी४५-यूडी३पी. कारणं अगदी रुक्ष होती. आयसीएच१० आर हा चिपसेटचा भाग मॅक ओएसच्या ड्रायव्हरला ओळखीचा वाटायचा, डिस्क एएचसीआय मोडमध्ये चालायची, आणि आवाजाच्या चिपसाठी लोकांनी तोडगे आधीच काढून ठेवले होते. नावातलं यूडी म्हणजे अल्ट्रा ड्युरेबल: सॉलिड कॅपॅसिटर आणि बोर्डात दुप्पट जाड तांब्याचा थर. अमेरिकेतल्या वाचकाला ही जाहिरातबाजी वाटली असेल, आम्हाला नाही. त्या वर्षांत आमच्याकडे दहा-दहा तास भारनियमन, वीज आली की व्होल्टेज वरखाली, आणि वर एप्रिल-मेचं ऊन. साध्या बोर्डावरचे कॅपॅसिटर वडीसारखे फुगायचे आणि टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे नेऊन बदलून आणावे लागायचे. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म, इथला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट इतिहासवाल्यांत प्रसिद्ध आहे. तांब्यावर भरवसा ठेवण्याची गावाची परंपरा जुनी म्हणायची :)

बिघाड शोधणं हा मात्र खरा अभ्यास. मॅकवाला कधीच ज्याच्या वाटेला जात नाही ते सगळं हॅकिंटॉशवाल्याला पाठ. सुरुवातीला राखाडी सफरचंद येऊन गाडी थांबली, की 'डॅश व्ही' लिहून पुन्हा बूट करायचं, म्हणजे पडद्यावर ओळी धावतात आणि कुठे अडलं ते दिसतं. 'स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस' अशी ओळ आली तर डिस्क सापडत नाहीये. मग बायोसमध्ये जाऊन आयडीई की एएचसीआय ते बघा, केबल दुसऱ्या पोर्टात घाला. कर्नल पॅनिक झालं की यंत्र बंद करा असा निरोप इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि जपानीत यायचा. मराठीत नाही, पण समजायचा.

सगळ्यात फसवा बिघाड स्नो लेपर्डच्या वेळचा. मॅक ओएस एकदा चालवली की पुढच्या वेळी बायोसची सगळी सेटिंग पुसलेली. कोणत्याही मेकॅनिकला विचारा, तो म्हणणार बोर्डावरची बटण बॅटरी गेली. पंचवीस रुपयांची नवी बॅटरी टाका, पुन्हा तेच. खरं कारण डीएसडीटीत होतं. बोर्डाने घड्याळाच्या चिपची जागा तक्त्यात जितकी लिहिलेली, तितकी मॅक ओएस हक्काने वापरायची आणि बायोसच्या जागेवर लिहून टाकायची. तक्त्यातला ४ चा आकडा २ केला की दुखणं संपलं. एक आकडा! तो ज्याने कोणी पहिल्यांदा शोधला त्याला मी मनोमन नमस्कार करतो.

एवढा खटाटोप लोक का करायचे? हौस होतीच. पण मार्च २००८ मध्ये ॲपलने आयफोनवरचे प्रोग्रॅम लिहायची साधनं सगळ्यांना खुली केली, आणि ती चालायची फक्त मॅकवर. मॅक तर इथे दिसायचाही नाही. ॲपलचं स्वतःचं ऑनलाइन दुकान भारतात आलं सप्टेंबर २०२० मध्ये आणि पहिलं खरंखुरं दुकान एप्रिल २०२३ मध्ये मुंबईत बीकेसीला. रिसोड-मंगरूळपीरच्या इंजिनिअरिंगच्या पोराने २००९ मध्ये काय करायचं? स्नो लेपर्डची डिस्क २९ डॉलरची. यंत्राची किंमत मात्र घरच्या सोयाबीनच्या हिशेबात बसणारी नव्हती. मला हे नियमभंगाचं समर्थन म्हणून सांगायचं नाही, पण हा संदर्भ सोडून नुसतं 'चोरी' म्हणणं अर्धवट आहे. फ्लोरिडातल्या सायस्टार कंपनीची गोष्ट वेगळी. तिने एप्रिल २००८ पासून असले तयार पीसी विकायला काढले, ॲपलने जुलैत कोर्टात खेचलं, आणि २००९ च्या अखेरीस कोर्टाने तिचा धंदा बंद केला. तिथे माझी सहानुभूती ॲपलकडे.

२०१२ नंतर बोर्डांतच यूईएफआय आलं, सोंग कमी आणावं लागायला लागलं. क्लोव्हर आलं, मग २०१९ पासून ओपनकोअर. दुखणी बदलली: काही बोर्ड प्रोसेसरचं एक रजिस्टर कुलूपबंद ठेवायचे आणि मॅक ओएस तिथेच कोसळायची, २०१५ च्या एल कॅपिटनपासून यूएसबीला पंधरा पोर्टांची मर्यादा आली, त्यामुळे पोर्ट मोजत बसा. हे सगळं जमलं तेव्हा, जून २०२० मध्ये, ॲपलने इंटेल सोडत असल्याचं जाहीर केलं, आणि नोव्हेंबरात एम१ आला.

आता आतेभावाचा मुलगा कारंज्याहून विचारतोय, "काका, हॅकिंटॉशसाठी कोणता बोर्ड घेऊ?" पैसे त्याच्या पहिल्या पगाराचे आहेत, म्हणून उत्तर जपून देतो. बाळा, नवा बोर्ड घेऊ नकोस. २०२५ ची टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची मॅक ओएस, असं ॲपलने जून २०२५ मध्येच सांगून टाकलंय. काम करायचं असेल तर वापरलेला एम१ मॅक मिनी बघ. घरात आठव्या-नवव्या पिढीचा इंटेल पीसी पडून असेल आणि शिकायचंच असेल, तर जरूर बस. पण नवव्या पिढीच्या झेड३९० सारख्या बोर्डावर एनव्हीरॅम आपोआप चालत नाही, त्यासाठी एसएसडीटी-पीएमसी नावाची छोटी फाइल लागते, ती आधी घाल. आणि सुरुवातीला 'डॅश व्ही' लावूनच बूट कर.