समुपदेशकाची अर्हता : मावळ-लोणावळा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

वकिली करण्यासाठी सनद लागते, वैद्यकीय व्यवसायासाठी परिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि शाळेत शिकविण्यासाठी अध्यापनाची पदवी वा पदविका लागते. विद्यार्थ्याच्या मनातील भीती, न्यूनगंड वा निराशा ऐकून घेणाऱ्या समुपदेशकासाठी मात्र आपल्याकडे दीर्घकाळ असे कोणतेही सर्वमान्य बंधन नव्हते. प्रस्तुत लेखात शालेय व सामाजिक समुपदेशकांच्या प्रशिक्षणाचा आणि नोंदणीचा इतिहास थोडक्यात मांडून मावळ तालुक्याच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे. समुपदेशकाच्या बाबतीत पद आधी निर्माण झाले, प्रशिक्षण मागून आले आणि नोंदणी सर्वांत शेवटी आली, असे या इतिहासावरून दिसते. या क्रमात राहून गेलेला दुवा म्हणजे जाणकाराच्या देखरेखीखाली केलेला प्रत्यक्ष सराव होय.

मार्गदर्शनाची पूर्वपीठिका

भारतात मानसशास्त्राचा पहिला विद्यापीठीय विभाग १९१६ मध्ये कलकत्ता येथे सुरू झाला. मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर संस्था स्थापन झाली आणि पुढील वर्षी तिने बालमार्गदर्शन केंद्र उघडले. पारशी पंचायतीने १९४७ मध्ये व्यवसाय मार्गदर्शन कार्यालय सुरू केले आणि १९५० मध्ये तत्कालीन मुंबई सरकारनेही या कामात पाऊल टाकले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला.

माध्यमिक शिक्षणाचा विचार करणाऱ्या मुदलियार आयोगाने (१९५२-५३) शाळांतील मार्गदर्शनाचा पुरस्कार केला. १९५४ मध्ये दिल्लीत शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शनाचे केंद्रीय कार्यालय स्थापन झाले. या काळात शाळेत रुजलेले पद म्हणजे ‘करिअर मास्टर’. एखाद्या शिक्षकाला अल्प मुदतीचे प्रशिक्षण देऊन त्याच्याकडे व्यवसायविषयक माहिती देण्याचे काम सोपविले जाई. ही योजना अल्पखर्चिक असली तरी तिच्यात एक मूलभूत अडचण होती. जो शिक्षक गुण देतो, हजेरी घेतो आणि प्रसंगी शिक्षाही करतो, त्याच्याजवळ विद्यार्थी आपले मन कितपत मोकळे करील? त्यामुळे माहिती देण्याचे काम काही प्रमाणात झाले, परंतु ऐकून घेण्याचे काम बाजूला राहिले.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) मार्गदर्शन प्राथमिक स्तरापासून सुरू व्हावे, अशी भूमिका घेतली. प्रत्येक माध्यमिक शाळेला स्वतंत्र समुपदेशक देणे शक्य नाही, हे ओळखून दहा शाळांच्या गटासाठी एक फिरता समुपदेशक असावा, अशी व्यवहार्य सूचनाही आयोगाने केली. ही सूचना आजही विचारार्ह आहे. तिचा परामर्श पुढे घेतला आहे.

याच सुमारास अमेरिकेत वेगळी वाटचाल झाली. सोव्हिएत रशियाने १९५७ मध्ये स्पुटनिक सोडल्यानंतर १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यान्वये शालेय समुपदेशकांच्या प्रशिक्षणासाठी विद्यापीठांना मोठे अर्थसाहाय्य मिळाले. शाळेबाहेर काम करणाऱ्या समुपदेशकांसाठी परवान्याचा कायदा करणारे व्हर्जिनिया हे पहिले राज्य (१९७६) असून कॅलिफोर्नियाने सर्वांत शेवटी म्हणजे २००९ मध्ये तसा कायदा केला. पदव्युत्तर पदवी, परीक्षा आणि पदवीनंतरचा देखरेखीखालील सराव, या तीन अंगांवर ही परवानापद्धती उभी आहे. सर्व राज्यांत ती पोहोचण्यास तेहतीस वर्षे लागली, परंतु प्रशिक्षणाचा पाया परवान्याच्या आधीच घातला गेला होता, ही बाब लक्षणीय आहे.

लोणावळ्याचा अनुभव

प्रशिक्षण आधी आणि मान्यता मागून, या क्रमाचे एक उदाहरण मावळातच आहे. ते समुपदेशनाचे नसून योगशिक्षणाचे आहे. स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३-१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरण व दाबमापनाच्या साहाय्याने तपासण्याचा त्यांचा आग्रह होता. १९५० च्या दशकाच्या आरंभी संस्थेने गोवर्धनदास सेक्सरिया यांच्या नावाने योगमहाविद्यालय सुरू केले. गुरुगृही चालणारी विद्या येथे अभ्यासक्रम, पाठ आणि परीक्षा यांच्या चौकटीत आली.

योगशिक्षकांच्या प्रमाणीकरणासाठी केंद्र शासनाच्या आयुष मंत्रालयाने मंडळ स्थापन केले ते २०१८ मध्ये, आणि तेही ऐच्छिक स्वरूपाचे. म्हणजे कायदेशीर परवाना नसतानाही सहा दशकांहून अधिक काळ लोणावळ्याच्या प्रशिक्षणाला प्रतिष्ठा होती. संस्थेच्या परिसरात राहून अभ्यास करणे, जाणत्यांच्या नजरेखाली स्वतः साधना करणे आणि वर्गासमोर पाठ देणे, ही त्या प्रतिष्ठेची कारणे होत. समुपदेशनाचे शास्त्र वेगळे आहे आणि योगाभ्यास हा त्याला पर्याय नव्हे. तथापि व्यक्तीवर प्रत्यक्ष परिणाम करणारी विद्या केवळ लेखी परीक्षेने देता येत नाही, हे तत्त्व दोहोंना सारखेच लागू आहे.

कायद्याची वाटचाल

समुपदेशनाशी निगडित पहिला महत्त्वाचा कायदा म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२. त्यान्वये चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, पुनर्वसन समुपदेशक इत्यादींची केंद्रीय नोंदवही तयार झाली आणि नोंदणीविना व्यवसाय करणे दंडनीय ठरले. मात्र या कायद्याचा रोख दिव्यांग व्यक्तींच्या पुनर्वसनाकडे होता. सामान्य शाळेतील समुपदेशक त्याच्या कक्षेबाहेर राहिला. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकार समाजकार्यकर्ता यांना स्थान मिळाले, सर्वसाधारण समुपदेशकाला नाही.

२०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने ही उणीव काही अंशी दूर केली. त्याच्या अनुसूचीत वर्तनविषयक आरोग्यशास्त्रांचा स्वतंत्र वर्ग असून त्यात मानसशास्त्रज्ञ, आरोग्य समुपदेशक, तसेच एचआयव्ही व कुटुंबनियोजन समुपदेशक यांचा समावेश आहे. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३,६०० तासांची अटही या कायद्यात आहे. परंतु शालेय समुपदेशकाचा नावानिशी उल्लेख नाही. राज्य परिषदांच्या स्थापनेतील विलंबाची दखल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयास घ्यावी लागली.

पुढे जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधीच्या निकालात सर्व शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने बाल व किशोर मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतल्याचे दाखवू शकेल असा किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संबंध जोडावा, असे ही तत्त्वे सांगतात. म्हणजे पुन्हा एकदा पद आधी आले. प्रशिक्षण कशाने सिद्ध झाले म्हणावे, हा प्रश्न उरतोच.

मावळातील प्रश्न

हा प्रश्न मावळात अधिक तीव्र आहे. एकाच तालुक्यात लोणावळ्यासारखे पर्यटनस्थळ, तळेगाव दाभाडे परिसरातील औद्योगिक वसाहत आणि अंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ या खोऱ्यांतील विखुरलेली गावे आहेत. लोहमार्गालगतच्या मोठ्या शाळांना समुपदेशक नेमता येईल. खोऱ्यांतील लहान जिल्हा परिषद शाळा मात्र शंभराच्या मर्यादेखाली येतात. त्यांच्यासाठी ‘बाहेरील तज्ज्ञ’ म्हणजे प्रत्यक्षात कोण? शेतजमीन विकून आलेला पैसा आणि त्यातून उद्भवणारे कौटुंबिक कलह, रोजगारासाठी होणारे स्थलांतर, ठाकर व कातकरी मुलांची शाळागळती, हे प्रश्न शहरी प्रश्नावल्यांच्या आधारे समजत नाहीत. ते समजण्यासाठी परिसराची ओळख असलेला आणि तेथील बोली जाणणारा समुपदेशक हवा.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, कोठारी आयोगाची दहा शाळांमागे एक समुपदेशक ही सूचना खोऱ्यांतील लहान शाळांसाठी आजही सर्वांत सुसाध्य आहे. दुसरा, समुपदेशनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालविणाऱ्या महाविद्यालयांनी देखरेखीखालील सरावाचे तास निश्चित करून त्यांची नोंद ठेवली पाहिजे. तळेगाव येथे १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील मनोविकार विभाग, परिसरातील शाळा आणि कला शाखेची महाविद्यालये यांची सांगड घातल्यास असा सराव तालुक्यातच शक्य आहे. तिसरा, अध्यापकालाच समुपदेशक नेमून जागा भरल्याचे दाखविण्याची जुनी सवय सोडली पाहिजे, कारण करिअर मास्टर योजनेची मर्यादा तीच होती.

नोंदवही उघडणे हे शासनाचे काम आहे. त्या नोंदवहीत जाणाऱ्या नावामागे किती तास ऐकून घेण्याचा अभ्यास आहे, हे ठरविणे मात्र अध्यापकांच्या हाती आहे. ते ठरेपर्यंत समुपदेशकाच्या दारावर पाटी असेल, पण आत येणाऱ्या मुलाला त्या पाटीचा भरवसा देता येणार नाही.