स्वीडनमधील निळे काँक्रीट

घराची भिंत म्हणजे निर्जीव, निरुपद्रवी वस्तू असे आपण धरून चालतो. स्वीडनमध्ये हा समज कसा चुकीचा ठरला, त्याची ही हकिकत.

स्वीडनचा हिवाळा कडक. तेथे हलके पण ऊब टिकवणारे बांधकाम साहित्य हवे होते. १९२० नंतरच्या दशकात आक्सेल एरिक्सन या वास्तुविशारदाने ते तयार केले. चुना आणि भाजलेल्या शेल खडकाची पूड पाण्यात कालवून तिच्यात ॲल्युमिनिअमची भुकटी मिसळली, की हायड्रोजनचे बुडबुडे सुटून मिश्रण इडलीच्या पिठासारखे फुगते. मग दाबाखालील वाफेने ते घट्ट करायचे. १९२९ मध्ये या सच्छिद्र ठोकळ्यांचे उत्पादन सुरू झाले. रंगावरून त्यांना 'निळे काँक्रीट' हे नाव पडले.

या तुरटीयुक्त शेलमध्ये युरेनिअम होते. युरेनिअमच्या विघटनातून रेडिअम आणि रेडिअमपासून रेडॉन हा वायू बनतो. रेडॉनला रंग नाही, वास नाही. तो भिंतीतून खोलीत झिरपतो. त्याच्यापासून होणारे किरणोत्सारी कण श्वासावाटे फुप्फुसात चिकटतात आणि कर्करोगाचा धोका वाढवतात.

बेंग्ट हुल्टक्विस्ट यांनी स्वीडनमधील घरांत रेडॉन मोजला व १९५६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या ठोकळ्यांच्या घरांत प्रमाण जास्त आढळले. तरीही उत्पादन चालूच राहिले.

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. इंधन वाचवण्यासाठी लोकांनी दारे-खिडक्यांच्या फटी बुजवल्या. टाकीत पडणारी धार तीच, पण बाहेरची तोटी आवळली, तर पातळी चढणारच! घरांतील रेडॉनचे तसेच झाले. अखेर १९७५ मध्ये उत्पादन थांबले.

भिंती मात्र उभ्याच आहेत. रेडॉनचा अर्धायुकाल अवघा ३.८ दिवस, मग काही आठवड्यांत घर सुरक्षित का होत नाही? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. उत्तर रेडिअमपाशी आहे. त्याचा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षे असल्याने रेडॉनचा पुरवठा आटत नाही. म्हणून अशा घरांत आजही मुख्य उपाय साधाच आहे : हवा खेळती ठेवणे.

धोका १९५६ मध्ये मोजला गेला होता. कारखाने थांबायला आणखी १९ वर्षे लागली. मोजमाप करणे हे विज्ञानाचे काम. त्यावरून वेळीच निर्णय घेणे हे समाजाचे.