पतअहवाल : कर्जाच्या अर्जाआधी वाचावा असा दस्तऐवज

घर पसंत पडते, इसाराची रक्कम दिली जाते, बँकेत कर्जाचा अर्ज दाखल होतो आणि काही दिवसांनी ‘सिबिलमध्ये अडचण आहे’ एवढेच उत्तर हाती पडते. अनेकांची आपल्या पतअहवालाशी पहिली ओळख ही अशी, नको त्या वेळी होते. चौकशी केल्यावर कधी वापरात नसलेल्या क्रेडिट कार्डाचे काही शे रुपयांचे वार्षिक शुल्क थकीत दिसते, तर कधी पूर्ण फेडलेले वाहनकर्ज अद्याप ‘चालू’ असल्याचे आढळते. चूक किरकोळ असते, परंतु ती दुरुस्त होण्यास महिनाही लागू शकतो आणि तोवर इसार अडकून पडतो. पतअहवाल कर्ज हवे असताना नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी पाहण्याचा दस्तऐवज आहे, तो याच कारणासाठी.

नोंद कोण ठेवते?

पूर्वी पेढीवरच्या माणसाला गिऱ्हाइकाची पत ओळखीपाळखीतून ठाऊक असे. बँकिंगचा व्याप वाढल्यावर ही ओळख कागदावर आणणे भाग पडले. त्यातून २००० साली मुंबईत ‘क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड’ म्हणजेच ‘सिबिल’ची स्थापना झाली. पतमाहिती कंपन्यांचे नियमन करणारा कायदा २००५ मध्ये संमत झाला. आज ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने हे काम करतात. ‘सिबिल’ हा शब्द बोलण्यात पतगुणांकासाठी रूढ झाला असला तरी तो या चौघींपैकी एकीचाच आहे.

येथे एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. या कंपन्या कोणाचीही पत स्वतःहून ठरवीत नाहीत. बँका, वित्तसंस्था आणि कार्ड देणाऱ्या कंपन्या जी माहिती पाठवितात, तीच संकलित होते आणि तिच्या आधारे ३०० ते ९०० या दरम्यान गुणांक काढला जातो. म्हणजे अहवाल हा ग्राहकाविषयी इतरांनी लिहिलेला मजकूर असतो. तो ग्राहकाने स्वतः वाचला नाही, तर त्यातील चूक दाखविणारा दुसरा कोणी नसतो.

विनामूल्य प्रत

रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये काढलेल्या आदेशानुसार, १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने मागणी करणाऱ्या व्यक्तीला वर्षातून एकदा, गुणांकासह संपूर्ण अहवाल विनामूल्य देणे बंधनकारक आहे. कंपन्या चार असल्याने वर्षाला चार अहवाल मोफत मिळू शकतात. सर्व एकाच वेळी न मागविता दर तीन महिन्यांनी एका कंपनीकडे मागणी केल्यास वर्षभर नोंदींवर लक्ष राहते.

मागणी संबंधित कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर करावी. नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता आणि मोबाइल क्रमांक भरल्यावर पडताळणीचा संकेतांक येतो. काही वेळा जुन्या कर्जांविषयी प्रश्नही विचारले जातात. संकेतस्थळावर वर्षभराच्या सशुल्क योजना ठळकपणे मांडलेल्या असू शकतात. त्या घेण्याची सक्ती नसते. वार्षिक मोफत अहवालाचा दुवा शोधून तोच निवडावा. गुणांक फुकट दाखविणारी अनेक ॲपही आहेत, मात्र तेथे माहिती देण्यापूर्वी ती कोणाला पुरविली जाईल, हे वाचून घेणे हिताचे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक घटतो, ही समजूत निराधार आहे. कर्जाच्या अर्जानंतर बँकेने केलेली चौकशी मात्र नोंदली जाते आणि अशा चौकशा थोड्या काळात वाढल्या तर त्यांचा परिणाम होतो.

अहवालात काय पाहावे?

नजर प्रथम गुणांकाकडे जाते. परंतु तपासणीची सुरुवात वैयक्तिक माहितीपासून करावी. पाटील, शिंदे, जाधव अशी आडनावे आणि तीच ती नावे असलेल्या व्यक्ती हजारोंनी असतात. त्यात कोठे आडनाव आधी, कोठे वडिलांचे नाव गाळलेले, तर विवाहानंतर महिलांची दोन्ही नावे वेगवेगळ्या कागदांवर. अशा वेळी दुसऱ्याचे कर्ज आपल्या खात्यात येऊन बसण्याचा संभव असतो. पॅन, जन्मतारीख, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक अक्षरशः पडताळावेत. अनोळखी पत्ता वा क्रमांक आढळल्यास तो धोक्याचा इशारा समजावा.

त्यानंतर खात्यांचा तपशील. प्रत्येक कर्जापुढे संस्थेचे नाव, प्रकार, मंजूर रक्कम, शिल्लक, थकबाकी आणि खाते बंद झाल्याची तारीख असते. खाते वैयक्तिक आहे, संयुक्त आहे की जामीनदार म्हणून आहे, हेही नमूद असते. स्नेह्याच्या वा नातलगाच्या कर्जाला भिडेखातर जामीन राहिलेल्यांनी हा रकाना विशेष काळजीने पाहावा. मूळ ऋणकोने हप्ते थकविले, तर त्याची छाया जामीनदाराच्या पतीवरही पडू शकते.

परतफेडीच्या तक्त्यात महिन्यागणिक हप्ता किती दिवस उशिरा भरला, ते आकड्यांत दिलेले असते. तीन शून्ये म्हणजे विलंब नाही. ‘०३०’ म्हणजे तीस दिवसांचा विलंब. ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहिती संस्थेने पाठविलेलीच नाही.

‘क्लोज्ड’ आणि ‘सेटल्ड’ या शब्दांतील फरकही ध्यानात घ्यावा. पहिल्याचा अर्थ कर्ज पूर्ण फिटले. दुसऱ्याचा अर्थ तडजोडीने कमी रक्कम घेऊन प्रकरण मिटविले. पुढील कर्जदात्याच्या नजरेत दुसरा शेरा प्रतिकूल ठरतो. ‘रिटन ऑफ’ हा शेरा म्हणजे कर्जमाफी नव्हे. बँकेने आपल्या हिशेबातून रक्कम काढली, तरी वसुलीचा हक्क कायम असतो.

शेवटी चौकशांची यादी. ज्या संस्थेकडे कधी अर्जच केला नाही, तिचे नाव येथे दिसल्यास कोणीतरी आपल्या पॅनचा गैरवापर केल्याची शक्यता असते. २०२२ च्या प्रारंभी ॲपद्वारे तत्काळ दिलेली छोटी कर्जे आपल्या नावावर असल्याचे अनेकांना असा अहवाल पाहूनच कळले होते. अशा प्रसंगी संबंधित संस्थेस लेखी कळवून सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवावी.

दुरुस्तीचा मार्ग

चूक आढळल्यास पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर हरकत नोंदविता येते. मात्र कर्ज देणाऱ्या संस्थेने दुजोरा दिल्याखेरीज कंपनी नोंद बदलू शकत नाही. म्हणून दोहोंकडे एकाच वेळी लेखी तक्रार करावी आणि बँकेचे ‘ना थकबाकी’ प्रमाणपत्र, खाते बंद केल्याचे पत्र व शेवटच्या हप्त्याचा पुरावा जोडावा. तक्रार क्रमांक जपून ठेवावा.

मुदत तीस दिवसांची आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकानुसार आणि एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार, तक्रार तीस दिवसांत न सुटल्यास पुढील प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला देय होते. संस्थेने एकवीस दिवसांत सुधारित माहिती न दिल्यास ती संस्था, अन्यथा पतमाहिती कंपनी ही रक्कम देते. गुणांक कसा मोजला, याविषयीच्या वादाला ही भरपाई लागू नाही. दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. पतमाहिती कंपन्या सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आहेत.

‘सिबिल साफ करून देतो’ अशा जाहिरातींपासून मात्र दूर राहावे. चुकीची नोंद ग्राहक स्वतः विनामूल्य दुरुस्त करून घेऊ शकतो आणि खरी नोंद पैसे देऊन पुसता येत नाही. त्यावर उपाय एकच : थकबाकी भरणे, त्याचे पत्र घेणे आणि पुढील हप्ते वेळेवर भरत राहणे.

केवळ कर्जापुरते नाही

या अहवालाची व्याप्ती आता नोकरीपर्यंत पोहोचली आहे. प्रतिकूल पतइतिहासामुळे उमेदवाराची नेमणूक रद्द करण्याचा एका सरकारी बँकेचा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये योग्य ठरविला. दुसरीकडे, प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पतइतिहास नाही म्हणून फेटाळू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे आणि किमान गुणांकाचे कोणतेही बंधन तिने घातलेले नाही.

कर्जाचा शेवटचा हप्ता भरला म्हणजे व्यवहार संपला, असे मानण्याची सवय जुनी आहे. प्रत्यक्षात तो संपतो अहवालात ‘क्लोज्ड’ हा शब्द उमटल्यावर. तो उमटला की नाही, हे हप्ता भरल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी पाहून घ्यावे.