सेवायोजन कार्यालये आणि शाळा सोडलेली मुले
भारतातील सेवायोजन कार्यालये १९४५मध्ये सुरू झाली ती दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी. फाळणीनंतर निर्वासितांची आणि १९४८पासून सर्वच बेकारांची नोंद तिथे होऊ लागली. शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांचा विचार मात्र दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत झाला; कार्यालयांत व्यवसाय मार्गदर्शन सुरू झाले. कोणत्या कामाला कोणते शिक्षण लागते, हे सांगणारे घरात कोणी नसलेल्या मुलांसाठी ही सोय फार मोलाची होती. रिक्त जागा कळवण्याची सक्ती करणारा १९५९चा कायदा १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र स्थापनेच्याच दिवशी, अमलात आला. पण सक्ती जागा कळवण्याचीच होती, कार्यालयाने पाठवलेला उमेदवार घेण्याची नव्हती. व्यवस्था दुबळी राहिली ती इथे. २०१५मध्ये नॅशनल करिअर सर्व्हिस या सरकारी संकेतस्थळाने नोंदणी व मार्गदर्शन ऑनलाइन आणले.