टर्नटेबलची जुळणी

टर्नटेबलची जुळणी म्हणजे ध्वनिमुद्रिका वाजवणाऱ्या यंत्राची सपाटी, कार्ट्रिजची दिशा, सुईचा भार आणि फिरण्याचा वेग योग्य मापावर आणण्याची प्रक्रिया होय. जुळणी चुकल्यास आवाज बिघडतो, शिवाय तबकडीच्या खाचेची कायमची झीज होते. ऑडिओ-टेक्निका एटी-एलपी६० सारख्या अगदी स्वस्त यंत्रांत सुईचा भार कारखान्यातच निश्चित केलेला असतो. त्यामुळे पुढील सर्व समायोजने त्यांना लागू होत नाहीत.

जागा व सपाटी

यंत्र भक्कम टेबलावर ठेवून पाणसळीने प्लॅटरची सपाटी दोन्ही दिशांनी तपासतात. स्पीकर त्याच टेबलावर ठेवल्यास त्यांची कंपने सुईपर्यंत पोहोचून आवाज घुमतो.

कार्ट्रिजची दिशा

मूळ तबकडी कोरणारे पाते सरळ रेषेत सरकते, तर टोनआर्म कमानीत फिरतो. म्हणून सुई खाचेशी केवळ दोन ठिकाणी अचूक जुळते. बेअरवाल्ड पद्धतीत ही ठिकाणे मध्यबिंदूपासून सुमारे ६६ व १२१ मिलिमीटरवर असतात. कार्ट्रिजचे दोन स्क्रू सैल करून ते छापील मापपट्टीवरील रेषांना समांतर करतात.

सुईचा भार

प्रथम अँटी-स्केटिंग शून्यावर ठेवून, मागील वजन फिरवत टोनआर्म हवेत आडवा तरंगेल असा तोलतात. नंतर वजनावरील आकड्यांची कडी शून्यावर आणून संपूर्ण वजन अपेक्षित आकड्यापर्यंत फिरवतात. हा भार कार्ट्रिजनुसार बदलतो : ऑर्टोफॉन २एम रेडसाठी १.८ ग्रॅम, तर ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई साठी २ ग्रॅम. छोट्या डिजिटल काट्यावर त्याची खातरजमा करता येते. जादा भाराने झीज वाढते. मात्र भार फार कमी ठेवणेही सुरक्षित नसते, कारण सुई खाचेत उडून तिच्या भिंतींवर आदळते.

अँटी-स्केटिंग

घर्षणामुळे टोनआर्म तबकडीच्या केंद्राकडे ओढला जातो. ही ओढ रोखणारे बल प्रारंभी सुईच्या भाराइतक्याच आकड्यावर ठेवतात. केवळ उजव्या बाजूचा आवाज फाटत असल्यास हे बल कमी पडत असण्याची शक्यता असते.

वेग

एलपी तबकडी (१९४८) मिनिटाला ३३⅓, तर लहान तबकडी (१९४९) ४५ फेरे घेते. भारतातील ५० हर्ट्झ विजेवरील दिव्याखाली १८० रेघांची चकती स्थिर दिसल्यास ३३⅓चा वेग बरोबर असतो. पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रात पट्टा सैल झाल्यास वेग ढळतो.

जोडणी

कार्ट्रिजचा क्षीण संकेत फोनो प्रवर्धकातून न्यावा लागतो. हा प्रवर्धक संकेत वाढवतो आणि १९५४ मध्ये ठरलेल्या आरआयएए प्रमाणानुसार त्यातील खर्ज व तार स्वरांचा समतोल पूर्ववत करतो. अनेक स्वस्त यंत्रांत तो अंगभूत असतो. बाहेरचाही जोडल्यास दुहेरी प्रवर्धनाने आवाज फाटतो. अर्थिंगची तार सुटल्यास सतत गुणगुण ऐकू येते.

७८ फेऱ्यांच्या तबकड्या

जुन्या मराठी नाट्यपदांच्या लाखेच्या तबकड्यांची खाच एलपीच्या खाचेहून बरीच रुंद असते. त्यांना सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची स्वतंत्र सुई लागते. सामान्य एलपी सुई त्या खाचेच्या तळाशी घासते आणि खरखर वाढते.